सिलिकॉन फासू नका, रबर बदला

हल्ली जुन्या गाड्यांचं कौतुक वाढलं आहे. चांगली गोष्ट आहे, म्हणून मी पुढे गेलो असतो. पण हे कौतुक ज्या तऱ्हेनं चाललं आहे ते पाहून गप्प बसवत नाही. प्रीमियर पद्मिनी घ्यायची, तिला झकपक रंग द्यायचा, क्रोम चमकवायचं, सीटांना नवं रेग्झिन घालायचं, आणि लग्नात नवरा-नवरीला तिच्यात बसवून फोटो काढायचे. आणि पुढच्या काचेभोवतीचं रबर? ते चाळीस वर्षांपूर्वीचं, दगडासारखं कडक, जागोजागी चिरा पडलेलं. त्यावरून सिलिकॉनची एक पारदर्शक रेघ फिरवलेली. "आता काही पाणी येत नाही साहेब," असं गॅरेजवाल्यानं सांगितलेलं आणि मालकानं समाधानानं मान डोलावलेली.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या गाडीच्या काचांची रबरं ही बदलायची वस्तू आहे. ती न बदलता वरून सिलिकॉन फासणं ही दुरुस्ती नव्हे. तो गाडीचा सावकाश केलेला खून आहे. शब्द जड वाटत असेल तर पुढचं वाचा आणि मग ठरवा.

मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. जन्मभर मराठी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. पण १९९१ साली सेकंडहँड घेतलेली, १९८२ सालची एक पद्मिनी आजही माझ्याकडे आहे. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये ती उन्हापावसात उभी असते. तिची रबरं मी दोनदा बदलून घेतली, आणि दोन्ही वेळा कारागिराच्या बरोबरीनं दोरी ओढायला मी स्वतः होतो. तेव्हा जे लिहितो आहे ते ऐकीव नाही.

आधी हे रबर करतं काय ते पाहू. गॅरेजच्या भाषेत याला बीडिंग म्हणतात. मागच्या-पुढच्या काचेचं बीडिंग मध्येच कापून पाहिलंत तर त्याला दोन खोबणी दिसतील. एका खोबणीत काच बसते, दुसऱ्या खोबणीत बॉडीच्या पत्र्याची कड. म्हणजे काच पत्र्याला कुठेही टेकत नाही. ती रबरात बसते आणि रबर पत्र्याला धरून बसतं. स्क्रू नाही, खिळा नाही, डिंक नाही. फक्त रबराचा ताण आणि त्याचा लवचीकपणा. दाराच्या काचा वर-खाली होतात, त्यांचा प्रकार वेगळा. तिथे काचेच्या दोन्ही बाजूंना मऊ अस्तराचा चॅनेल असतो, आणि दाराच्या वरच्या कडेला काचेवरचं पाणी निपटणारी पट्टी. पुढच्या दारांतल्या त्या छोट्या तिकोनी काचेला आणखी वेगळं रबर. या सगळ्यांचं काम एकच: काचेला धक्क्यापासून सांभाळायचं आणि पाण्याला दारातूनच परत पाठवायचं.

हे काम रबर करू शकतं, कारण ते मऊ आहे. मऊपणा गेला की ते नुसतं काळं लाकूड. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर तापवण्याची युक्ती सापडली आणि रबर टिकाऊ झालं हे खरं, पण टिकाऊ म्हणजे अमर नव्हे. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन रबराला आतून बदलत राहतात. त्याला मऊ ठेवणारे तेलकट घटक हळूहळू निघून जातात, रबर आकसतं, कडक होतं आणि ताण असेल तिथे, म्हणजे नेमकं कोपऱ्यांत, चिरतं. यात मालकाचा दोष नाही, कारखान्याचाही नाही. रबराचा तो स्वभावच आहे. टायर झिजले तर आपण बदलतो. वायपरचं रबर दोन पावसाळ्यांत बदलतो. मग काचेचं बीडिंग मात्र गाडीबरोबर जन्माला आलं म्हणून गाडीबरोबरच गेलं पाहिजे, हा न्याय कुठला?

आता पाण्याकडे येऊ, कारण भांडण खरं तिथे आहे. मुंबई-ठाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. कडक झालेल्या बीडिंगच्या चिरेतून आत गेलेलं पाणी समोर टपटपत नाही. तसं टपटपलं असतं तर उपकारच झाले असते! ते आधी पत्र्याच्या कडेवर बसतं. तिथून डॅशबोर्डच्या मागे वायरिंगवर उतरतं, तिथून बाजूच्या पोकळीतून खाली, आणि शेवटी मॅटखालच्या नमद्यात. नमदा ते स्पंजासारखं धरून ठेवतो. वरून मॅट कोरडी. मालक खूश. खाली पत्रा महिनोन् महिने ओला.

आणि इथे पद्मिनीच्या बांधणीतली एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पद्मिनीचं मूळ म्हणजे इटलीतली फियाट ११००. तिचं १०३ हे मॉडेल १९५३ साली आलं. त्या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. खालचा पत्रा, खांब, छत हे सगळं मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आपली पद्मिनी त्याच घराण्यातली. त्यामुळे तिच्या तळाचा पत्रा सडला म्हणजे फरशी फुटली असं नव्हे. हाडं ठिसूळ झाली. इंजिन कितीही गोड चालत असलं तरी त्या गाडीत माणसं बसवणं धोक्याचं होतं. हे सगळं सुरू कुठून झालं? काचेच्या कोपऱ्यातल्या एका चिरेपासून.

आता सिलिकॉनवर येतो. माझे त्याच्यावर चार आरोप आहेत.

पहिला. सिलिकॉन पाणी आत येण्याची एक वाट बंद करतं, आणि आत आलेल्या पाण्याची बाहेर जाण्याचीही वाट बंद करतं. चाळीस वर्षांच्या रबराला चिरा एकाच जागी नसतात. तुम्ही बाहेरून दिसणाऱ्या चार बुजवल्या, पाचवीतून पाणी आलं आणि आता ते कोंडलं. उघड्या चिरेतला पत्रा निदान उन्हात वाळत तरी होता.

दुसरा. पाणी जिथे दिसतं तिथून ते आत येतंच असं नाही. डाव्या पायाशी ओल दिसली म्हणून डावा कोपरा बुजवायचा, आणि पाणी येतंय वरच्या मधल्या जोडातून. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तिसरा आरोप ऐकून पुष्कळांना धक्का बसेल. बाजारात मिळणारी बरीच स्वस्त सिलिकॉनं लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो. सिलिकॉन वाळताना ते बाहेर टाकतं. न्हाणीघराच्या टाइल्सना त्याचं काही वाटत नाही, पण उघड्या लोखंडी पत्र्याला वाटतं. म्हणजे गंजू नये म्हणून आपण जे फासलं तेच गंजाला आमंत्रण देतं. न्यूट्रल प्रकारच्या सिलिकॉनला हा दोष नाही, हेही सांगायला हवं. पण गॅरेजच्या फळीवर पडलेली ट्यूब कोणत्या प्रकारची आहे, हे विचारतो कोण?

चौथा. एकदा सिलिकॉन लागलं की पुढचं प्रत्येक काम बिघडतं. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर रंग धरत नाही, रंगाला खड्डे-खड्डे पडतात. नवं बीडिंग बसवायला कोणी पुढे आलाच तर त्याला आधी जुना चिवट थर ब्लेडनं खरवडत बसावं लागतं, आणि खरवडताना पत्र्याचा रंग जातोच. म्हणजे आजचा आळस उद्याच्या प्रामाणिक कारागिराच्या डोक्यावर.

"पण नव्या गाड्यांच्या काचा चिकटवलेल्याच असतात की!" हा प्रश्न मला एका तरुण काचवाल्यानं विचारला. प्रश्न रास्त होता. नव्या गाड्यांची पुढची काच पॉलियुरेथेन नावाच्या द्रव्यानं पत्र्याला पक्की चिकटवलेली असते, हे खरं आहे. पण ते द्रव्य वेगळं, त्यासाठी पत्र्याची कड वेगळी घडवलेली, आणि ती काच गाडीच्या मजबुतीचा भागच मानलेली. पद्मिनीची, ॲम्बेसेडरची काच ही रबरात तरंगण्यासाठी घडवलेली आहे. खराब रस्त्यावर बॉडी किंचित पिळवटते, तेव्हा तो पीळ रबर गिळतं. तिथे काच पत्र्याला घट्ट जखडली तर पीळ काचेवर येतो. मग "काच आपोआप तडकली" म्हणून नवल करायचं! त्या मुलाचा यात दोष नव्हता. त्यानं आयुष्यात कधी दोरीनं काच बसवलेली पाहिलीच नव्हती. दोष आपला, जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा. आपण हे काम मागितलंच नाही, तर ते शिकणार कोण?

कारण काम अवघड नाही. शिस्तीचं आहे. जुनं बीडिंग वाचवण्याचा मोह सोडून ते आतून ब्लेडनं कापायचं, म्हणजे काच जोर न लावता सुटते. स्क्रू-ड्रायव्हरनं काचेच्या कडेला उचकटायचं नाही. काचेचा सगळ्यांत नाजूक भाग म्हणजे तिची कड. मग पत्र्याची कड स्वच्छ करायची. इथेच खरी परीक्षा असते. गंज दिसला तर तो खरवडून, गेलेला पत्रा कापून नवा जोडून, प्रायमर आणि रंग देऊन, तो पूर्ण वाळू द्यायचा. लांबी भरून सपाट केलेली कड म्हणजे पुन्हा तीच फसवणूक. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो लांबीखाली फुगला की रबराला उचलतो.

नवं बीडिंग आधी काचेवर सगळीकडून नीट चढवायचं. मग बाहेरच्या खोबणीत गुळगुळीत नायलॉनची दोरी फिरवायची, तिची दोन टोकं खालच्या बाजूला एकमेकांवरून जाऊन गाडीच्या आत लोंबतील अशी. खोबणीला साबणाचं पाणी. ग्रीस नाही, इंजिन ऑइल नाही, रॉकेल तर मुळीच नाही. खनिज तेलानं रबर फुगतं आणि बिघडतं. दोघांनी बाहेरून काच तळव्यांनी दाबून धरायची, तिसऱ्यानं आत बसून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत पलटत जातो. तो ओठ एकेक बोट पलटताना पाहणं हा एक आनंद आहे. घाई केली की ओठ दुमडतो, मग मागे येऊन पुन्हा. एका काचेला सकाळ जाते. मे महिन्यात हे काम करावं, कारण तासभर उन्हात ठेवलेलं बीडिंग लोण्यासारखं वळतं.

सीलंट कधीच वापरू नये, असं माझं म्हणणं नाही, हेही स्पष्ट करतो. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये न वाळणाऱ्या, मऊ राहणाऱ्या सीलंटचा पातळ थर देण्याची पद्धत जुनी आहे आणि योग्य आहे. तो नव्या रबराचा मदतनीस आहे. मेलेल्या रबराची जागा तो घेऊ शकत नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." गाडीची किंमत ती काय, आणि तिच्यावर एवढा खर्च? हा आक्षेप घेणारे गृहस्थ गाडीच्या रंगाला मात्र हात आखडत नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. रबराच्या पूर्ण संचाची किंमत रंगकामाच्या बिलापुढे किरकोळ आहे. फरक एवढाच की रंग दिसतो आणि रबर दिसत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि कुजलेल्या कडेवर दिलेला तो महागडा रंग दोन पावसाळ्यांत फुगतो, तेव्हा मसाला वाया जातोच, पण कोंबडीही जाते.

दुसरा आक्षेप: "रबरं मिळत नाहीत." मुंबईत ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारात आणि पुण्यात नाना पेठेत जरा पाय झिजवा. मिळतात. वाईटही मिळतात, ते ओळखायला शिका. अंगठ्यानं दाबल्यावर जे परत वर येत नाही, वाकवल्यावर ज्याच्या वळणावर बारीक भेगा दिसतात, ज्याचे कोपरे पिळवटल्यासारखे आहेत, ते घेऊ नका, फुकट दिलं तरी. ईपीडीएम या कृत्रिम रबराचं मिळालं तर उत्तम. ते ऊन आणि ओझोन नैसर्गिक रबरापेक्षा खूप चांगलं सोसतं.

तिसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा: "मूळचं रबर काढलं की गाडीचं अस्सलपण गेलं." या लोकांचं मला हसू येतं. ५० वर्षांवरच्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करण्याचे नियम केंद्र सरकारनं २०२१ साली केले. त्यांतही अट आहे ती बॉडी, चेसिस, इंजिन यांत मोठे फेरफार नसण्याची. अस्सलपण जपायचंय ना? मग मूळचा पत्रा जपा. तो जपायचा तर रबर बदलावंच लागतं. जुन्या वाड्याची कौलं फुटली तर ती बदलायची की वाडा अस्सल ठेवण्यासाठी तुळया भिजू द्यायच्या?

चौथा आक्षेप सगळ्यांत घातक, कारण तो शहाणपणाच्या सुरात येतो: "गाडीचं वय झालं हो, जायचीच ती." आमच्याच सोसायटीतली एक पांढरी पद्मिनी २०१९ साली भंगारात गेली. मालक भले गृहस्थ, गाडीवर जीव. त्यांच्या मुलांना त्याच गाडीतून शाळेत सोडताना मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. एका गॅरेजवाल्यानं लागोपाठ चार पावसाळे त्यांच्या पुढच्या काचेला सिलिकॉन फासलं. पाचव्या वर्षी जॅक लावला तर तो तळाच्या पत्र्यातून वर घुसला. क्रेन गाडी घेऊन गेली तेव्हा इंजिन एका चावीत सुरू होत होतं. "वय झालं होतं," असं तेच गृहस्थ मला म्हणाले. वय? माझी गाडी तिच्याहून जुनी होती आणि आजही आहे. ती गाडी वयानं गेली नाही, पाण्यानं गेली. पाणी काचेच्या रबरातून आलं, आणि ते रबर बदलायला एक सकाळ पुरली असती.

"वय झालं" हे वाक्य मला म्हणून खटकतं. ते ऐकलं की कोणी काही करायला बांधील राहत नाही. गॅरेजवाला सुटला, मालक सुटला. पंचाहत्तरीकडे चाललेल्या माणसाला हे जरा जास्तच ऐकू येतं, असं म्हणा हवं तर. गुडघ्याला, कानाला, डोळ्याला, सगळ्याला एकच उत्तर: वय झालं. अरे, पण आधी तपासा तर! वय हे कारण असेलही, पण तपासण्याआधी सांगितलेलं वय ही सबब असते.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर कायमची गेली. शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदवलेली होती आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. तो नियम वयाचा होता, त्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. खासगी गाडीला मात्र १५ वर्षांनंतर तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण मिळतं, आणि पुढे दर ५ वर्षांनी. म्हणजे कायदासुद्धा इथे वय पाहून निकाल देत नाही, गाडीची अवस्था पाहतो. मग आपणच आपल्या गाडीला वयाची शिक्षा का द्यावी? हा कारखाना बंद झाला, या गाड्या पुन्हा निघणार नाहीत. ज्या उरल्या त्या तुमच्या-माझ्यासारख्यांच्या पार्किंगमध्ये आहेत.

तेव्हा तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एक करा. मॅट उचला, खाली कोरडं वर्तमानपत्र पसरा आणि कुणाला तरी काचांवर पाचदहा मिनिटं पाणी ओतायला सांगा. दाराच्या रबराची शंका असेल तर त्यावर खडू घासून दार लावा. जिथे पत्र्यावर खडू उमटला नाही, तिथे रबर टेकतच नाही. मग वर्तमानपत्र काढून पाहा. कोरडं असेल तर तुमचं अभिनंदन. ओलं असेल, तर रंगवाल्याचा फोन नंबर बाजूला ठेवा आणि बीडिंग आणायला निघा. आणि गॅरेजवाला "सिलिकॉन मारून देतो" म्हणाला, तर त्याला नमस्कार करून दुसरं गॅरेज शोधा.